विशेष शिक्षिकेची मुलाखत: सहा आठवड्यांच्या नोंदी

४ मे २०२५, रविवार

आज दोन शाळांना अर्ज गेले. दोन्ही सर्वसाधारण शाळा, दोन्हीकडे रिसोर्स रूमसाठी, म्हणजे दिव्यांग मुलांना वेगळी मदत देण्याच्या खोलीसाठी, विशेष शिक्षिका हवी आहे. एक दादरच्या पुढे शहराकडे, दुसरी आमच्याच मध्य रेल्वेवर, पूर्व उपनगरात.

माझं थोडक्यात सांगते. विशेष शिक्षणात बी.एड., विषय बौद्धिक अक्षमता, २०१९ साली. मग तीन वर्षं विशेष शाळेत. नंतर बाळंतपण, दीड वर्षं घरी, आणि गेली दीड वर्षं एका मुलाची शॅडो टीचर, म्हणजे वर्गात त्याच्यासोबत राहून मदत करणारी. शेवटची मुलाखत दिली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा कागद बघितले आणि 'सोमवारपासून या' म्हणाले, एवढंच. आता चार जणांसमोर बसायचं आणि डेमो लेसन द्यायचा असं दोन्हीकडून कळलंय.

माझ्या बॅचच्या तिघी याच खटपटीत आहेत. त्यांच्यासाठी रोजच्या रोज लिहून ठेवते आहे. काय चुकलं, किती पैसे गेले, किती दिवस गेले, सगळं.

५ मे, सोमवार

फाइल काढली आणि पहिल्याच कागदाला धक्का बसला. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीची, म्हणजे आपल्या सीआरआर प्रमाणपत्राची मुदत एप्रिलमध्येच संपलेली. नोंदणी पाच वर्षांची असते हे माहीत होतं, तारीख मात्र मी कुठेच लिहून ठेवली नव्हती. या नोंदणीशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही, १९९२ च्या कायद्यातच तसं आहे. शाळा सगळ्यात आधी तोच कागद मागते.

नूतनीकरणाला सीआरई गुण लागतात, म्हणजे केलेल्या कार्यशाळांची प्रमाणपत्रं. ती शोधण्यात अख्खी दुपार गेली. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत केलेल्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र शेवटी आईकडे लालबागला, माझ्या लग्नातल्या साड्यांच्या बॅगेत निघालं. तिघींना आजच फोन करून सांगितलं, आधी आपापल्या प्रमाणपत्रावरची तारीख बघा. एकीची ऑगस्टमध्ये संपते आहे.

६ मे, मंगळवार

नूतनीकरणाचा अर्ज ऑनलाइन भरला, पावतीची प्रिंट काढली. सीव्हीत स्पष्ट लिहिलं: 'नूतनीकरणासाठी अर्ज केला आहे, पावती सोबत.' दोन्ही शाळांना सुधारलेला सीव्ही पाठवला आणि ऑफिसात फोन करून तसं सांगितलंही. (हे नंतर जोडते: दोन्ही मुलाखतींत हा प्रश्न आला आणि दोन्हीकडे पावती बघून विषय मिटला.)

झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि फाइल मिळून २८० रुपये. नूतनीकरणाची फी वेगळी.

९ मे, शुक्रवार

तीन दिवस २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातले २१ प्रकार पाठ करत होते. १९९५ च्या कायद्यात ७ होते, आता २१. फ्रिजवर कागद चिकटवला, भाकरी थापताना म्हणत होते.

रात्री बाईंना फोन केला. बाई म्हणजे मी विशेष शाळेत लागले तेव्हाच्या माझ्या सीनियर, आता निवृत्त होऊन मुलुंडला असतात. म्हटलं, एकवीसच्या एकवीस पाठ झाले. बाई म्हणाल्या, "बरं. त्यातले तुझ्या वर्गात किती बसले होते?"

मोजले तर चार. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि एक मूल ऐकायलाही कमी येणारं.

"मग त्या चौघांबद्दल बोल. रविवारी ये, येताना आयईपी लिहून आण. एका मुलाचा. पुस्तकातला नको." (आयईपी म्हणजे एकाच मुलासाठी लिहिलेली शिकवण्याची योजना.)

तीन दिवस वाया गेले असं मी म्हणेन. यादी माहीत असावी, पण ती अर्ध्या तासाची गोष्ट आहे.

११ मे, रविवार

आमच्या मजल्यावर एक मुलगा राहतो. तेरा वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते म्हणून अख्खी चाळ दादा म्हणते, मीही. सध्या त्याच्या शाळेला सुट्टी आहे. वहिनींना, म्हणजे त्याच्या आईला विचारलं, रोज अर्धा तास त्याला माझ्याकडे पाठवाल का, मला सराव होईल आणि त्याचंही काही शिकणं होईल. त्या म्हणाल्या, पैशांचं शिकवा, मी किती दिवस पुरणार त्याला? इथे लिहायचीही परवानगी त्यांनी दिली आहे, नाव न घालता.

दादाचा आयईपी लिहून मुलुंडला गेले. दीर्घकालीन उद्दिष्टात लिहिलं होतं: 'विद्यार्थ्याला चलनाची ओळख होईल व तो व्यवहारात स्वावलंबी होईल.' मला ते वाक्य आवडलंही होतं.

बाईंनी लाल पेन घेतलं. "ओळख झाली हे तुला कसं कळणार? तो येऊन सांगणार आहे का, ताई मला ओळख झाली म्हणून?" मग 'स्वावलंबी' खाली रेघ. "हे कधी पूर्ण होईल? मी सत्तरीला आले, माझं अजून नाही झालं."

दोन तास त्या एका वाक्यावर बसलो. शेवटी झालं ते असं: 'समोर १०, २० आणि ५० रुपयांच्या खऱ्या नोटा ठेवल्यावर, "वीसची दे" असं सांगितलं की कोणत्याही मदतीशिवाय योग्य नोट उचलून देईल. १० पैकी ८ वेळा, सलग तीन दिवस.' कोणत्या परिस्थितीत, काय करेल, किती वेळा, कुणाच्या मदतीने. या चारांतलं एक जरी नसेल तर बाई कागद परत सरकवत होत्या.

आणि आधी आजची स्थिती लिही, म्हणाल्या. आज त्याला किती येतं ते न बघता उद्दिष्ट लिहायचंच नाही. मी ते बघितलंच नव्हतं.

१२ मे, सोमवार

आजची स्थिती: १० पैकी ३. ही तीनही दहाची नोट. ती तो रोज बहिणीच्या हातात बघतो.

१४ मे, बुधवार

खेळण्यातल्या 'चिल्ड्रन बँक'च्या नोटा आणल्या, ३० रुपयांचं पाकीट. विचार असा की खऱ्या नोटा फाटतील, हरवतील. दोन दिवसांत दादा खेळण्यातली वीसची बरोबर उचलायला लागला. मी खूश. आज खऱ्या नोटा ठेवल्या तर पुन्हा १० पैकी ३.

कारण टेबलावरच पडलं होतं. खेळण्यातली वीसची नोट गुलाबीसर, खरी हिरवट पिवळी. खेळण्यातला कागद गुळगुळीत आणि आखूड. तो ज्या खुणांवरून शिकला त्या खुणा खऱ्या नोटेत नाहीतच. मग रंगीत झेरॉक्स काढायला गेले तर दुकानदारांनी हात जोडले, नोटेची झेरॉक्स काढत नाही म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं.

आता खऱ्याच नोटा, फोटो ठेवायच्या पारदर्शक पाकिटात.

१६ मे, शुक्रवार

खऱ्या नोटांतही रंगाचा घोळ आहे. तो आपल्या लक्षात येत नाही, कारण आपण आकडा वाचतो. पन्नासची नवी नोट निळी. शंभरची नवी जांभळट, पण जुनी शंभरची अजून चालते आणि तिच्यात निळसर झाक आहे. दादा जुनी शंभरची उचलून 'पन्नास' म्हणतो. वीस आणि दोनशे दोन्ही पिवळ्यांत मोडतात. रंगावर विसंबून शिकवलं तर हा मुलगा एक दिवस पावाला दोनशेची नोट देऊन येईल.

म्हणून रंग सोडला, आकडा धरला. नोटेवर पांढरा कागद ठेवला, आकड्यापुरती खिडकी कापली. फक्त '२०' दिसायला हवं. दोन दिवसांनी खिडकी थोडी मोठी, मग आणखी मोठी, मग कागदच काढून टाकायचा.

१९ मे, सोमवार

१० पैकी ९! शनिवारी ८, काल ९, आज ९. सलग तीन दिवस. तक्ता भरून बाईंना फोटो पाठवला. मुलाखतीत हेच सांगायचं ठरवलं.

पोर्टफोलिओही तयार केला. आयईपी, तक्ता, दादाचे नोटा उचलतानाचे चार फोटो, विशेष शाळेतल्या माझ्या वर्गाचे सहा फोटो. रंगीत प्रिंट आणि लॅमिनेशन मिळून ३६० रुपये.

२० मे, मंगळवार

बाईंचा फोन. "व्हिडिओ आहे का?" वहिनींना विचारून एक काढला होता, तो दाखवायला मुलुंडला गेले. येताना संध्याकाळी असा पाऊस कोसळला की स्टेशनवर तासभर उभी होते.

बाईंनी तो दोन मिनिटांचा व्हिडिओ आवाज बंद करून तीनदा लावला. म्हणाल्या, त्याच्याकडे नको बघू, स्वतःकडे बघ.

मी 'वीसची दे' म्हणते आणि लगेच माझी नजर वीसच्या नोटेकडे जाते. दर वेळी. दादा नोटांकडे बघतच नाही, माझ्या डोळ्यांकडे बघतो, मग हात पुढे करतो. शिवाय दहापैकी सहा वेळा मी वीसची नोट मधेच ठेवली होती.

मला रडू आलं. त्याच्यासाठी आलं. तो इतक्या नीट लक्ष देत होता, ते लक्ष मी भलतीकडे वळवलं होतं. बाई म्हणाल्या, "आयईपीत काय लिहिलंय, मदतीशिवाय. तुझे डोळे ही मदतच की."

पोर्टफोलिओ बघून त्यांनी दुसरं विचारलं, या मुलांच्या आईबापांना माहीत आहे का, त्यांचे चेहरे तू कुठे कुठे घेऊन फिरतेस? विशेष शाळेतल्या मुलांच्या पालकांना मी विचारलेलंच नव्हतं. दहाही फोटो काढून टाकले. ३६० रुपये पाण्यात.

२१ मे, बुधवार

नोटा पाठीमागे हात घेऊन पिसायच्या, कशाही ठेवायच्या, मग खिडकीबाहेरच्या आंब्याकडे बघत सांगायचं, 'वीसची दे.'

१० पैकी ४.

जुना तक्ता फाडला नाही. त्याच्यावर लाल पेनाने लिहिलं: 'शिक्षिकेच्या नजरेची मदत, आकडे धरू नयेत.' त्याखाली नवा सुरू केला.

२६ मे, सोमवार. पहिली मुलाखत

मुलाखत साडेदहाला होती, पावणेआठला घर सोडलं. आजच मान्सून मुंबईत आला, नेहमीच्या तारखेपेक्षा सोळा दिवस आधी, आणि आल्या आल्याच गाड्या रखडल्या. दादरला उतरून टॅक्सी केली, २४० रुपये. पोचले पावणेबाराला. शाळेला वाटेतून दोनदा फोन केला होता, त्यांनी समजून घेतलं.

बॅगेतलं साहित्य भिजलं होतं. पुठ्ठ्याचे तक्ते वाकले, स्केचपेनने काढलेल्या वेळापत्रकाचा रंग पसरला. पर्समध्ये होत्या म्हणून नोटा तेवढ्या कोरड्या.

समोर चार जण: मुख्याध्यापिका, समुपदेशक, एक ज्येष्ठ विशेष शिक्षिका आणि एक विश्वस्त. जे प्रश्न मला जमले नाहीत ते लिहिते, जमलेल्यांचा कुणाला उपयोग नाही.

'वर्गातला एक मुलगा सारखा उठतो, शेजारच्याला मारतो. काय कराल?' मी म्हणाले, एडीएचडी (अतिचंचलता) असेल तर मी असं असं करेन. समुपदेशकांनी तिथेच थांबवलं, "निदान तुम्ही करणार का?" निदान डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ करतात, हे मला पक्कं माहीत असूनही तोंडातून ते गेलं. माझं काम आठवडाभर नोंद ठेवण्याचं: मारण्याआधी काय घडलं, त्याने नेमकं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. बहुतेक वेळा उत्तर तिसऱ्या रकान्यात सापडतं. मारल्यावर त्याला वर्गाबाहेर काढत असतील आणि त्याला गणित टाळायचं असेल, तर तो मारतच राहणार.

'पहिलीतल्या मुलाची आई म्हणते याला डिस्लेक्सिया आहे, प्रमाणपत्र कुठून काढू?' मी म्हणाले, सायन किंवा नायर रुग्णालयात पाठवेन. चूक. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षं वयानंतर देतात. पहिलीतल्या मुलाचं आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे, आणि वाचनाची मदत उद्यापासून सुरू करायची, तिला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

'एका मुलीने तुम्हाला खुणेनं सांगितलं की कुणी तरी तिला नको तिथे हात लावतो.' मी म्हणाले, मुख्याध्यापिकांना सांगेन, पालकांना बोलावून घेईन. खोलीत कुणीच काही बोललं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ज्याला कळलं त्याने स्वतः पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. मुख्याध्यापिकांना सांगायचंच, पण तिथे माझी जबाबदारी संपत नाही. मुलीला खोदून खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तिच्याच खुणांत लिहून ठेवायचं. आणि पालकांना बोलावण्याआधी विचार करायचा की हात लावणारा घरातलाच नाही ना. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर सांगता यायला हवा होता. आपल्या मुलांपैकी कितीतरी जणांना बोलता येत नाही. या प्रश्नाला मी अडखळायला नको होतं, हे मला आत्ता लिहितानाही टोचतंय.

बोलण्याच्या ओघात मी एकदा 'मतिमंद' म्हणाले, आता 'बौद्धिक अक्षमता' म्हणायचं असतं. माझ्या पहिल्या शाळेच्या पाटीवर तोच शब्द होता, जिभेवर बसलाय. ज्येष्ठ शिक्षिकेने वर बघितलं.

डेमो त्या चौघांनाच विद्यार्थी समजून द्यायचा होता. वाकलेले तक्ते फळ्यावर राहिनात. त्यांना उभं करण्यात माझी पाच मिनिटं गेली.

पगार किती हवा विचारलं तर मी म्हणाले, तुम्ही द्याल तो. विश्वस्तांनी मान हलवली आणि कागद मिटला.

२७ मे, मंगळवार

काही लिहावंसं वाटत नाही. दादा आला होता, १० पैकी ५.

३० मे, शुक्रवार

पहिल्या शाळेचा नकार आला. मेल चांगल्या शब्दांत होता.

३१ मे, शनिवार

दुरुस्त्या. पोर्टफोलिओ नव्याने केला, फोटो एकही नाही. आयईपीचं एक पान, दोन तक्ते (फसलेला आणि नवा), आधी-वागणं-नंतर अशा नोंदीचं एक पान, खिडकी कापलेले पांढरे कागद. मुलाचं नाव नाही, फक्त वय. लॅमिनेशनसह ४१० रुपये. स्केचपेन बाद, मार्कर पर्मनंट. सगळं साहित्य झिपच्या पिशव्यांत, ते आणि वेल्क्रो मिळून १५० रुपये. आणि सगळं पुन्हा भिजलं तरी खिशातल्या नाण्यांवर डेमो देता येईल अशी दुसरी तयारी.

संध्याकाळी बॅचच्या दोघी आल्या. एकमेकींच्या मुलाखती घेतल्या, फोनवर रेकॉर्ड करून. नवऱ्याला पालक बनवलं, तो मूल माझं ठीक आहे असं ओरडत बसला. हा सराव सगळ्यात जड गेला. ज्या बापाला आपल्या मुलाचं काही कमी आहे हे ऐकायचं नाही, त्याच्याशी वाद घालून काही मिळत नाही. मूल काय करतं ते दाखवायचं, तेही आधी येणाऱ्या गोष्टींपासून. मी चौथ्या प्रयत्नात ते न थांबता बोलू शकले.

परीक्षेच्या सवलती लिहून काढल्या. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक कसा घ्यायचा वगैरे. पाठ केल्या नाहीत, दादाच्या शाळेतल्या एका दहावीच्या मुलीला काय काय लागलं असतं ते लिहिलं. तसं लक्षात राहतं.

४ जून, बुधवार

दादा १० पैकी ८. काल ८, आज ८. नजर आंब्यावर.

५ जून, गुरुवार. दुसरी मुलाखत

वेळेआधी चाळीस मिनिटं पोचले. बाहेर चहा घेतला, हात थरथरत होते.

इथे तिघी. दुसराच प्रश्न: "तुमचं फसलेलं एखादं काम सांगा."

मी दादाचं सांगितलं. खेळण्यातल्या नोटा, रंगाचा घोळ, मग १० पैकी ९, मग व्हिडिओ आणि माझे डोळे. लाल पेनाने लिहिलेला तक्ता पुढे ठेवला. त्यांच्यातल्या विशेष शिक्षिकेने तो हातात घेतला. विचारलं, "नजर काढल्यावर किती आले?"

"चार."

"आणि आता?"

"आठ. दोन दिवस झाले, अजून एक दिवस हवा."

त्यांनी तक्ता शेजारच्या मॅडमना दिला, त्यांनी चष्मा लावून वाचला. त्यानंतरचे प्रश्न बदलले. त्या मला त्यांच्याच शाळेतल्या मुलांबद्दल विचारायला लागल्या, आपण दोघी मिळून काही शोधतोय असं.

एक प्रश्न असा: वर्गशिक्षिका म्हणाल्या, 'चाळीस मुलांच्या वर्गात हे एक मूल मला नको', तर? मी म्हणाले, आधी त्यांच्या वर्गात मागे बसून एक तास बघेन. त्यांचं म्हणणं खरं असतं, चाळीस मुलं सांभाळणं सोपं नाही. मग त्यांना एकच गोष्ट बदलायला सांगेन, उदाहरणार्थ वीस गणितांऐवजी या मुलाला पाच, तीही मी आदल्या दिवशी काढून देईन. एक जमलं की दुसरी.

डेमोला खरं मूल आणलं. नऊ वर्षांचा मुलगा, बोलत नाही. मी नोटा मांडल्या. त्याने बघितलंही नाही, टेबलाखाली जाऊन बसला. माझा ठरलेला पाठ वीस सेकंदांत संपला.

मीही खाली बसले. खिशातून नाणी काढली, फरशीवर एक रुपया फिरवला. तो बघायला लागला. नाणं आडवं पडलं, त्याने ते उचलून माझ्या हातात दिलं. म्हणजे पुन्हा फिरव. पुन्हा फिरवलं. चौथ्या वेळी मी दोन्ही तळहात पुढे केले, एकावर रुपया, एकावर वीसचं नाणं, आणि थांबले. तोंडाने काही बोलले नाही, नजर भिंतीवर ठेवली. बराच वेळ गेला. त्याने वीसचं घेतलं. ते बारा कडांचं असतं. तो अंगठ्याने एकेक कड चाचपत राहिला, पूर्ण वळसा, मग परत उलटा. मग ते माझ्या हातात दिलं. फिरव.

पंधरा मिनिटं संपली तेव्हा त्याने सहा वेळा मागणी केली होती. विचारल्यावर मी एवढंच सांगितलं: पैशांचा पाठ झाला नाही, आज त्याने मागितलं आणि निवडलं, मी इथून सुरुवात करेन.

शेवटी काही विचारायचंय का म्हणाल्या. मी विचारलं, रिसोर्स रूममध्ये मुलं किती आणि शिक्षक किती? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्राने २०२२ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरवलंय, ते डोक्यात होतं. इथे प्राथमिकची सव्वीस मुलं आणि एक शिक्षिका, मी आले तर दोन. मॅडमनी आकडा लपवला नाही, हे मला आवडलं. पगार ३२ हजार मागितला. आवाज कापला, पण आकडा बोलले.

६ जून, शुक्रवार

दादा ९. मुलाखतीचा दिवस सोडला तर सलग तीन दिवस पूर्ण. वहिनींना तक्ता दाखवला. त्यांनी तो घडी घालून देवघरात ठेवला.

११ जून, बुधवार

फोन आला. घेतलंय. सहा महिने प्रोबेशन, पगार २८ म्हणाले, बोलून ३० वर आलं. सोमवारी, १६ तारखेला शाळा उघडतेय, त्याच दिवशी रुजू.

बाईंना फोन केला. म्हणाल्या, पहिले पंधरा दिवस कुणालाही काही शिकवू नकोस, बघ आणि लिही.

खर्च, नूतनीकरणाची फी सोडून: कागदपत्रं २८०, खेळण्यातल्या नोटा ३०, पहिला पोर्टफोलिओ ३६०, दुसरा ४१०, पिशव्या आणि वेल्क्रो १५०, रेल्वे साधारण १६०, टॅक्सी २४०. एकूण १,६३० रुपये. पालकांना आधी विचारलं असतं आणि पावसाचा अंदाज बघून आणखी लवकर निघाले असते तर ६०० वाचले असते.

१४ जून, शनिवार

शाळा सुरू व्हायच्या आधी दादाला खाली बेकरीत घेऊन गेले. वहिनी जिन्यात उभ्या. पाव चौदा रुपयांचे. पाकिटात दहा, वीस आणि पन्नासची एकेक नोट. मी मुद्दाम दाराबाहेर, रस्त्याकडे तोंड करून.

मागून ऐकलं, "पाव द्या." मग बराच वेळ काही नाही. मग बेकरीवाले चाचा म्हणाले, "हां, बरोबर, वीस."

वळून बघितलं तर तो पावाची पिशवी छातीशी धरून बाहेर येत होता. सुट्टे काउंटरवरच राहिले होते, एक पाचचं नाणं आणि एक रुपया.

घरी येऊन नवं पान काढलं. आजची स्थिती: सुट्टे घेत नाही, ५ पैकी ०. उद्दिष्ट: दुकानदाराने सुट्टे समोर ठेवल्यावर, न सांगता ते उचलून पाकिटात ठेवेल आणि मगच वळेल. ५ पैकी ४ वेळा, सलग तीन खेपा. वेळ: रोज संध्याकाळी साडेसहा, मी शाळेतून आल्यावर.